मुंबईत रेडिओचा कोल्हा कसा शोधतात

हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे, त्यांच्यात एक खेळ चालतो. एकजण छोटा ट्रान्समीटर कुठेतरी लपवून येतो आणि बाकीचे अँटेना हातात घेऊन तो शोधत फिरतात. लपवलेल्या ट्रान्समीटरला फॉक्स म्हणतात, म्हणजे कोल्हा, आणि खेळाला फॉक्स हंट. कोणी पत्ता देत नाही, नकाशावर खूण नसते. मधूनमधून हवेत उमटणारा एक ‘पीं पीं’ आवाज, एवढाच धागा.

मोकळ्या माळावर हे फार अवघड नाही. अँटेना फिरवायची आणि जिकडून सिग्नल जोरात येतो तिकडे चालू लागायचं. मुंबईत तसं केलंत तर लोअर परळच्या एखाद्या काचेच्या टॉवरच्या गेटवर जाऊन उभे राहाल आणि तिथे वॉचमनशिवाय काही सापडणार नाही. कोल्हा असेल भायखळ्याला. त्याची लहर टॉवरवर आपटून तुमच्याकडे आली होती. अँटेना खोटं बोलत नाही, पण तिला ठाऊक असतं ते फक्त लहर शेवटी कुठून आली ते. निघाली कुठून हे तुम्ही ठरवायचं. या शहरात खेळाचं सगळं कसब इथे आहे: मिळालेल्या दिशांपैकी कोणत्या दिशेवर किती विश्वास टाकायचा.

आधी हत्यार

भारतात हॅमना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरता येतो आणि असे खेळ बहुधा याच पट्ट्यात होतात. लहरीची लांबी काढण्याचा हिशेब सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. १४५ ने भागलं की दोन मीटरच्या किंचित वर येतं, म्हणून याला दोन मीटर बँड म्हणतात. अँटेनाच्या काड्या साधारण त्याच्या निम्म्या, म्हणजे मीटरभर लांब लागतात. एका हातात धरून चालता येतील एवढ्याच. हा बँड शिकाऱ्यांना आवडतो याचं एक कारण हेही आहे.

दिशा कळण्यासाठी वापरतात ती यागी अँटेना. जुन्या इमारतींच्या गच्चीवर दूरदर्शनसाठी काड्यांचे सांगाडे असायचे, त्याच घराण्यातली. शिकारीसाठी तीन काड्या पुरतात. मधल्या काडीला केबल जोडलेली असते. मागची तिच्याहून थोडी लांब, पुढची थोडी आखूड, आणि या दोघींना कुठलीच वायर नसते. तरी त्या कामाच्या असतात, कारण लहर अंगावर पडली की त्यांच्यातही प्रवाह सुरू होतो आणि त्या स्वतः लहर सोडू लागतात. लांबी वेगळी असल्यामुळे त्यांचा ताल जरासा मागेपुढे पडतो. अंतरं नीट ठेवली तर समोरून आलेल्या लहरीसाठी तिघींचं काम एकमेकींत मिसळून वाढतं आणि मागून आलेल्या लहरीसाठी एकमेकींना खोडून टाकतं.

जगभरचे हॅम ही अँटेना स्टीलच्या मोजपट्टीतून बनवतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी टेप आणि पीव्हीसीचा पाइप, बस. एका प्रचलित आराखड्यात मागची पट्टी सुमारे १०५ सेंटिमीटर, पुढची ८९, आणि मधली दोन तुकड्यांची, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर. मधलीपासून मागची २० सेंटिमीटरवर आणि पुढची ३२ सेंटिमीटरवर. मधल्या दोन तुकड्यांमध्ये फट ठेवून त्यावर तारेचा छोटा ‘यू’ बसवतात, म्हणजे केबलशी मेळ जमतो. टेपवरचा रंग आधी खरवडा, नाहीतर सोल्डर धरणार नाही. केबल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडला मिळतात. बाहेर असा आराखडा लोकांना आवडतो तो झाडाझुडपात पट्टी वाकते आणि पुन्हा सरळ होते म्हणून. आपल्याकडे हाच गुण लोकलच्या डब्यात कामी येतो. ॲल्युमिनियमच्या काड्यांची यागी घेऊन सकाळी ठाण्याहून गाडीत शिरून बघा, लोक काय म्हणतात ते.

रेषा आणि तिच्यातली चूक

अँटेना हळूहळू फिरवली की एका बाजूला सिग्नल वाढतो. गंमत अशी की ही वाढ टोकदार नसते. तीन काड्यांच्या यागीला बऱ्याच रुंद कोनात जवळपास सारखंच ऐकू येतं, त्यामुळे ‘सगळ्यात जोरात नेमकं कुठे’ हे कानाने ठरवायला गेलं की माणूस फसतो. त्यापेक्षा डावीकडे सिग्नल जिथे पडायला लागतो ती कड बघावी, मग उजवीकडची, आणि दोन्हींचा मध्य धरावा. इथे हँडीबद्दल, म्हणजे हातात धरायच्या रेडिओ सेटबद्दल, एक सूचना. एफएम सेटमध्ये सिग्नल वाढला म्हणून आवाज मोठा होत नाही, फक्त खरखर कमी होते. म्हणून कानांपेक्षा सेटवरच्या सिग्नल मीटरकडे लक्ष ठेवायचं. स्वस्त हँडीत हा मीटर नावालाच असतो, एकतर पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा. घेताना हे तपासून घ्या.

काळजीपूर्वक केलं तरी हाताने धरलेल्या यागीत दहाएक अंशांची चूक सहज होते. दोन किलोमीटरवरच्या कोल्ह्यासाठी दहा अंश म्हणजे जागेवर साडेतीनशे मीटर. दादरमध्ये साडेतीनशे मीटरमध्ये काय काय मावतं ते सांगायला नको. पण हीच चूक दोनशे मीटरवरून केली तर पस्तीस मीटरचीच राहते. त्यामुळे मिळालेल्या दिशेने नकाशावर आखलेली पहिली रेषा कोणत्या भागात जायचं एवढंच सांगते. इमारत तिच्याकडून कळून घेण्याचा हट्ट धरू नये.

रेषा नकाशावर आखायची, दुसऱ्या ठिकाणी जाऊन दुसरी आखायची, आणि छेदतात तिथे जायचं. होकायंत्राच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दुरुस्ती करत बसावं लागत नाही. फक्त गाडीच्या बॉनेटवर किंवा लोखंडी रेलिंगवर होकायंत्र ठेवू नका.

दोन रेषा एकमेकींना जितक्या काटकोनात छेदतील तितका छेद पक्का. अगदी चिंचोळ्या कोनात छेदल्या तर अंशभराच्या चुकीने छेदबिंदू पुढच्या स्टेशनवर जातो. इथे मुंबईचा आकार आडवा येतो. शहर उत्तर-दक्षिण लांबट, लोकल तशाच, हायवे तसेच. त्यामुळे शिकारी नकळत एकाच सरळ रेषेत खालीवर फिरत राहतात. कोल्हा तुमच्या पुढे वांद्र्याला असेल, तर महालक्ष्मीवरून एक आणि माटुंगा रोडवरून एक रेषा घेऊन काही साधत नाही, दोन्ही जवळपास एकाच दिशेला जातात. थोडा वेळ गेला तरी चालेल, पण पूर्वेला शिवडीकडे नाहीतर पश्चिमेला वरळी सी-फेसला जाऊन रेषा घ्यावी.

आपटून आलेली लहर

गिरगावातल्या वाडीत भाजीवाल्याची हाक समोरच्या चाळीच्या भिंतीतून आल्यासारखी वाटते आणि तो असतो आपल्याच जिन्याखाली. दोन मीटरच्या लहरीचं शहरात तसंच होतं. काँक्रीटमधल्या सळ्या, काचेच्या दर्शनी भागाची धातूची चौकट, होर्डिंगचे सांगाडे, उभी असलेली लोकल, सगळे तिला परतवतात. बऱ्याचदा कोल्हा आणि तुमच्यामध्ये एवढ्या इमारती असतात की सरळ येणारी लहर अर्धमेली होते आणि एखाद्या उंच टॉवरवरून आलेलीच जास्त जोरकस निघते.

त्यात दोन्ही लहरी एकाच जागी भेटल्या की कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारतात. दोन मीटर बँडवर हा चढउतार मीटरभराच्या अंतरात होऊन जातो. म्हणून एका जागी उभं राहून घेतलेलं मोजमाप मी तरी मोजमाप धरत नाही. दोन पावलं डावीकडे, दोन पावलं पुढे, पुन्हा बघायचं. दिशा तीच राहिली तर नोंदवायची. प्रत्येक पावलागणिक बदलत असेल तर तिथून निघायचं आणि नकाशावर काहीही आखायचं नाही. वाईट रेषा ही नसलेल्या रेषेपेक्षा महाग पडते, कारण नंतर तिच्याशी जुळवून घ्यायला आपण चांगल्या रेषांवर शंका घेऊ लागतो.

सपाट भिंतीचा एक चमत्कार समजून घेण्यासारखा आहे. समजा तुम्ही मरीन ड्राइव्हवर आहात आणि अँटेनाने दाखवलेली दिशा खाडीपलीकडे मलबार हिलकडे जातेय. चौपाटीच्या दिशेने चालत जाऊन पुन्हा रेषा घेतली, तीही तिकडेच गेली. दोन रेषा जुळल्या म्हणजे कोल्हा सापडला असं वाटतं. पण त्या जुळतात कुठे ते नकाशावर बघा. लहर एखाद्या टॉवरच्या सपाट बाजूवरून परतत असेल, तर रेषा त्या टॉवरवर जुळतच नाहीत. आरशातली वस्तू जितकी समोर, तितकीच मागे दिसते. त्याच न्यायाने कोल्हा टॉवरच्या जितका अलीकडे, तितकाच पलीकडे त्याचा छेदबिंदू पडतो. भायखळ्यातल्या कोल्ह्याच्या रेषा मग अरबी समुद्रात जाऊन मिळतात. बिंदू समुद्रात पडला तर वैतागू नका. उलट ही फार चांगली माहिती आहे: कोणत्या टॉवरने लहर परतवली हे कळलं, तर कोल्हा तुमच्या पाठीमागे कुठल्या दिशेला आहे हेही काढता येतं.

खरी दिशा तुम्ही चालाल तशी सावकाश, हिशेबाने सरकते. परतलेली दिशा कोपरा ओलांडला की एकदम नाहीशी होते. उंचावर गेलं की बराच गोंधळ आपोआप मिटतो, म्हणून मित्राच्या सोसायटीची गच्ची, टेकडी, किंवा जिथे कायदेशीर उभं राहता येतं असा उंच पूल शोधावा. आणि समुद्राचा किनारा तर वरदानच. एका अख्ख्या बाजूला लहर आपटायला काही नसतं.

जवळ आल्यावर

नवखा माणूस समजतो की दूर असताना अवघड, जवळ गेलं की सोपं. उलट आहे. अंतर निम्मं झालं की सिग्नलची शक्ती चौपट होते. दोन किलोमीटरवरून दोन मीटरवर आलात म्हणजे अंतर हजार पटींनी कमी झालं आणि शक्ती दहा लाख पटींनी वाढली. हँडीचा मीटर त्याच्या खूप आधी पूर्ण भरून बसलेला असतो. अँटेना कुठेही फिरवा, फुल्ल. कोल्हा याच फुटपाथवर आहे हे कळतंय, पण डावीकडे की उजवीकडे ते नाही.

पहिला घरगुती उपाय म्हणजे यागी काढून ठेवायची, सेटची छोटी अँटेना लावायची, आणि सेट छातीशी घट्ट धरून जागच्या जागी गोल फिरायचं. माणसाचं अंग ही लहर बऱ्यापैकी अडवतं. सिग्नल सगळ्यात कमी झाला त्या क्षणी कोल्हा बरोबर पाठीमागे असतो. बघणाऱ्याला हे दृश्य भारी वाटतं, पण उपाय खात्रीचा आहे. दुसरी युक्ती: ट्रान्समीटर त्याच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट जागीही अगदी क्षीण असा सिग्नल सांडत असतो. कोल्हा १४५ वर असेल तर सेट ४३५ वर लावा. तिथे ऐकू येऊ लागलं म्हणजे तुम्ही अगदी जवळ आलात.

मुरलेले शिकारी ऑफसेट ॲटेन्युएटर वापरतात. तुम्ही म्हणाल, केबलमध्येच अडसर घालून सिग्नल कमी का करत नाही? कारण जवळून आलेला सिग्नल केबलची वाट बघत नाही, सेटच्या प्लास्टिकच्या अंगातूनच आत घुसतो. म्हणून वाट बदलायची. अँटेना आणि सेटच्या मध्ये एक छोटी डबी असते, तिच्यात ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. ती १४५ च्या सिग्नलमध्ये ४ मिसळून १४९ वर त्याची प्रत तयार करते आणि सेट १४९ वर लावतात. तिथे कोल्हा स्वतः बोलतच नसतो, त्यामुळे अंगातून घुसलेल्या सिग्नलची अडचण राहत नाही. प्रत किती जोरात हवी ते एका बटणाने कमीजास्त करता येतं. कोल्ह्यापासून हातभर अंतरावरही दिशा नीट कळते.

लपवणारेही काही कमी नसतात. कोल्ह्याची तार लोखंडी रेलिंगला लावली की रेलिंगच अँटेना होऊन बसतं आणि शिकारी त्याच्या कडेने येरझारा घालतात. अँटेना आडवी ठेवली की उभी यागी धरून चालणाऱ्यांना सिग्नल फारच क्षीण मिळतो. मनगट वळवून यागी आडवी करून बघावी. आणि सगळ्यात खोडकर प्रकार म्हणजे कोल्ह्यालाच यागी लावून ती मुद्दाम एखाद्या टॉवरवर रोखणं. मग आपटून आलेली लहर खऱ्या लहरीपेक्षा कितीतरी जोरात येते. याला मी फसवणूक म्हणत नाही, पण दर वेळी करू नये.

गिरगावातली खरी शिकार

मुंबईत हा पाठलाग एकदा खेळ म्हणून झाला नव्हता. ८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, नेत्यांना अटक झाली, आणि २७ ऑगस्टला गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. चालवणाऱ्यांत बावीस वर्षांच्या उषा मेहता होत्या. महायुद्ध सुरू होताच हॅमचे परवाने १९३९ मध्येच रद्द झालेले, तेव्हा ट्रान्समीटर बाळगणं हाच गुन्हा होता. प्रसारण ४२.३४ मीटरवर व्हायचं. आपल्या हिशेबाने ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. आज ही जागा हॅमच्या चाळीस मीटर बँडमध्ये मोडते.

एवढ्या लांब लहरीचा माग काढणं वेगळ्या कारणाने कठीण. ती आकाशात वर जाऊन आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतते आणि शेकडो किलोमीटरवर उतरते, म्हणून देशभर ऐकू येते. पण दूरच्या दिशाशोधक केंद्राला ती मुंबईच्या बाजूने येतेय एवढंच कळणार. गल्ली आणि इमारत ठरवायची तर गाडी शहरातच फिरवावी लागते, आणि तीही प्रसारण चालू असेल तेवढ्याच वेळात. रेडिओवाल्यांनी हेच हेरलं. कार्यक्रम थोडा वेळ आणि जागा सतत बदलत्या. पोलीस मागावर होते, तरी अडीच महिने यंत्र चालू राहिलं. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात पारेखवाडीत छापा पडला. उषाबेन पुढे सांगत त्याप्रमाणे पोलिसांना वाट दाखवली ती पकडलेल्या एका तंत्रज्ञाने. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. दिशाशोधाची मर्यादा याहून चांगल्या उदाहरणात सांगता येणार नाही.

आजही या कौशल्याचे गंभीर उपयोग आहेत. कोणाच्या गाडीतल्या माइकचं बटण अडकून बसलं की अख्खा रिपीटर, म्हणजे सगळ्यांचे सिग्नल पुढे पाठवणारा सामायिक सेट, बंद पडल्यासारखा होतो, तो सेट शोधावा लागतो. अपघातग्रस्त विमानाचा बीकन, म्हणजे संकटाचा सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर, ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला साधारण ठिकाण कळवतो, आणि शेवटचं अंतर शोधपथक १२१.५ मेगाहर्ट्झच्या सिग्नलवरून कापतं. रेडिओ कॉलर लावलेल्या प्राण्यांमागे जंगलात फिरणाऱ्या अभ्यासकांच्या हातातही यागीच असते.

परदेशात या खेळाला धावण्याची जोड आहे. जंगलात पाच कोल्हे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने एकेक मिनिट बोलतात, म्हणजे चुकलेला कोल्हा पुन्हा पाच मिनिटांनीच. ओळख मोर्समध्ये: एम-ओ-ई, एम-ओ-आय, एम-ओ-एस, एम-ओ-एच आणि एम-ओ-५. मोर्स न येणाऱ्यालाही चालतं, कारण शेवटच्या अक्षरात अनुक्रमे एक, दोन, तीन, चार, पाच टिंब असतात. नुसते मोजायचे. या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये पोलंडमध्ये झाली. ३.५ मेगाहर्ट्झवरही खेळतात. तिथे लहर ८५ मीटरच्या आसपास लांब असल्याने इमारतींना फारशी जुमानत नाही, मात्र मुंबईत विजेच्या उपकरणांची खरखर तिथे इतकी असते की मजा जाते.

सुरुवात करायची तर परवान्याची बाब टाळू नका. प्रसारण करू शकणारा सेट नुसता जवळ ठेवायलाही आपल्याकडे परवाना लागतो, ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून तो कायदेशीर होत नाही. बारा वर्षांपुढच्या कोणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. तोवर परवानाधारकाच्या गटाबरोबर होकायंत्र आणि नकाशा सांभाळायला जा. अर्धी शिकार तिथेच होते. कुलाब्याची नौदलाची हद्द, विमानतळ, अणुशक्तीनगर या बाजूंना अँटेना घेऊन अजिबात फिरू नका. राष्ट्रीय उद्यानात खेळायचं तर आधी वनखात्याची परवानगी.

आणि कोल्ह्याचा डबा. तारा लोंबणारा, मधेच आवाज करणारा बेवारस डबा या शहरात कोणी पाहिला तर पुढे काय होईल ते प्रत्येकाला माहीत आहे, आणि बघणाऱ्याची त्यात काही चूक नाही. डबा पारदर्शक घ्या, वर कॉलसाइन (हॅमची रेडिओवरची अधिकृत ओळख) आणि संपर्क ठळक लिहा, जवळच्या पोलीस चौकीला आधी सांगा, आणि डबा एकटा सोडू नका, राखणीला माणूस बसवा. यात एक अडचण येते. मुरलेले शिकारी शेवटच्या पन्नास मीटरमध्ये मीटर बघणं सोडतात आणि दुपारच्या उन्हात बाकावर विनाकारण पेपर वाचत बसलेला इसम शोधू लागतात. म्हणून राखणदाराला डब्याला लागून बसवत नाहीत. रस्त्यापलीकडे, जिथून डबा दिसेल आणि चहाही मिळेल, अशी जागा देतात.